बंद सभागृहातला ताशा

आमच्या शाळेतलं मुलींचं ढोल-ताशाचं पथक पीटीच्या सरांचं. पण ते मोटारसायकलवरून पडले, पायाला प्लास्टर लागलं, आणि विद्यापीठातल्या तालवाद्य महोत्सवाला मुलींना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी गणित शिकवते. तालातलं मला काही कळत नाही, असं मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुमाले कुठं वाजवा लागते, मॅडम?"

जळगाव जामोदहून पहाटे क्रूझर निघाली. टपावर ढोल बांधलेले, आत नववी-दहावीच्या मुली. नंबर आणायचाच असं त्यांनी खामगाव येईपर्यंत ठरवूनही टाकलं होतं.

सभागृहात शिरल्यावर आम्ही पहिल्यांदा गोंधळलो. मंचावर एका शाळेची मुलं प्लास्टिकच्या बादल्या उलट्या मांडून काठ्यांनी वाजवत होती. माझ्याशेजारी आमची ताशेवाली बसली होती. पथकाचा सगळा वेग तिच्या हातात असायचा. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"मॅडम, हे बादल्या काऊन वाजवून राह्यले?"

"मलाही माहीत नाही," मी म्हणाले. बादल्यांना टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

आमची पाळी आली. सुरुवात नेहमीसारखी दणक्यात झाली. मग ढोल मागे पडले, झांजा भलतीकडेच गेल्या. ताशेवाली मान वळवून मागे बघू लागली आणि एकदम थांबली. तिच्यामागे सगळ्याच थांबल्या.

पहिल्या रांगेतून परीक्षक बाई उठल्या. पांढरे केस, साधी सुती साडी. थेट मंचावर गेल्या. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"का थांबलीस ग?" त्यांनी विचारलं.

"मांगून कोनीतरी वाजवून राह्यलं होतं."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि एका मुलीला ढोलावर एकच टोला मारायला सांगितला. त्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. आमच्या मुली आयुष्यभर उघड्या मैदानावर वाजवत आल्या होत्या. तिथे आवाज जातो तो जातोच.

"तो परत येऊ दे, मग पुढचं वाजव," बाई म्हणाल्या.

मुलींनी पुन्हा वाजवलं. संथ, मध्ये मोकळ्या जागा सोडून. ते चांगलं होतं की मुली घाबरून सावकाश वाजवत होत्या, मला ठरवता येईना. टाळ्या पडल्या, पण त्या शाबासकीच्या की दयेच्या, तेही कळेना. बाई एवढंच म्हणाल्या, "हे अवघड होतं," आणि जाग्यावर जाऊन बसल्या.

संध्याकाळी नंबर जाहीर झालेच नाहीत. सगळ्या शाळांना सारखंच प्रमाणपत्र.

"मॅडम, आपन जितलो का हारलो?" परतताना क्रूझरमध्ये एकीनं विचारलं. त्यावरून त्यांचं मोठं भांडण झालं. मी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं. उत्तर नसलेलं गणित मुलांसमोर मांडायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनीही तेच विचारलं. नंबर नव्हतेच, असं सांगितल्यावर म्हणाले, "मंग एवढ्या लांब काऊन नेल्या पोरी?"

खरी पंचाईत पुढेच झाली. प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीच्या सरावात ताशेवाली मध्येच हात थांबवायची आणि तिच्या तालावर लेझीम खेळणाऱ्या मुलींची पावलं चुकायची. पीटीचे सर कुबडी टेकत मैदानावर आले, थोडा वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. "चांगलं पथक होतं मॅडम. हे काय शिकवून आनलं?"

मी ताशेवालीला बाजूला घेतलं. "मैदानावर तर आवाज परत येत नाही. मग थांबतेस कशाला?"

"मले बी नाही समजत, मॅडम," ती म्हणाली. "हात आपोआपच थांबते. आन थांबला का बरं वाटते."

प्रजासत्ताक दिनाला सरांनी ताशा दुसऱ्या मुलीकडे दिला. हिच्या हाती झांजा आल्या. ती रुसली नाही, रडली नाही. कवायत बिनचूक झाली, पाहुण्यांनी कौतुक केलं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी वर्ग बंद करत होते, तेव्हा खेळाच्या साहित्याच्या खोलीतून ताशा ऐकू आला. खोली लहान, दार लावलेलं. थोडं वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं. मी दाराशी बराच वेळ उभी राहिले. चांगलं वाजत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा मी त्याला हातानंच थांबवलं.