लॅपटॉपमधली पेटी

तात्या, म्हणजे माझे वडील, पळसदेवच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. उजवा शाबूत राहिला, पण एका हाताने सूर वाजवायचे तर भाता कोण मारणार? शेजारच्या एकाने हौसेनं प्रयत्न केला. त्यानं भाता सायकलच्या पंपासारखा हाणला. तात्यांनी पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकायला लावली आणि एकादशीच्या भजनाला जाणंच सोडलं. घरात बोलणंही कमी झालं. मला ते बघवत नव्हतं.

दुकानातला तयार कीबोर्ड त्यांना आणून दाखवला. एक सूर ऐकून ते म्हणाले, "ह्यो वरातीतला हाय." झालं! मग मीच हट्टाला पेटले.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम करते, राहते बारामतीला. संगणकावर आवाज घडवायचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते वायरींनी एकमेकांना जोडायचे. एक चौकोन सूर काढतो, दुसरा त्याची धार मारतो, तिसरा आवाज लहानमोठा करतो. तात्यांच्या पेटीत एका सुराला दोन रीड, म्हणजे थरथरून वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, होत्या आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नव्हत्या, त्यामुळेच आवाज भरदार यायचा. मीही दोन सूर घेतले, एक केसभर चढा ठेवला. दर रविवारी घरी येऊन हे जुळवण्यात दोन महिने गेले. ऐकलं आणि स्वतःवरच खूश झाले.

वाजवायला दुकानातला तोच कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. पण बोट उचललं की टक्! दर सुराच्या शेवटी टक्. तात्यांनी एक ओळ वाजवली आणि हात मांडीवर ठेवला. दोन रविवार मी वायरी काढत-जोडत बसले, लॅपटॉपला शिव्या घातल्या, सगळ्यांवर चिडचिड केली.

तिसऱ्या रविवारी आई कलिंगडाला पाणी सोडून आली. ओले हात पदराला पुसत पडद्याकडे बघत राहिली.

"हा आपल्या ठिबकचा नकाशा हाय का?"

"आई, आवाजाचा आहे गं."

"म्हंजी यातनं आवाज जातोय व्हय? मग त्यो शेवटचा कॉक तू एकदम बंद करतीस का?"

मी पडद्यावरच्या शेवटच्या चौकोनाकडे पाहिलं.

"पाण्याचा कॉक एकदम बंद केला की पाइपात दणका बसतो. जॉइंट उडत्यात. हळू बंद करायचा, आन् त्याच्या आधी दुसऱ्या पट्ट्याचा उघडायचा."

मी खरोखर कपाळावर हात मारला. कारखान्यात मोठी मोटर हळूहळू वेग घेते आणि हळूहळू थांबते, ती व्यवस्था मीच लावते. घरी मात्र सूर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद! आवाज शून्यावर यायला सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा दिला आणि टक् गेलं. सातवीत शाळा सुटलेल्या माझ्या आईने न ऐकता, नुसत्या रेघा बघून चूक काढली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की चहा मी केला.

तात्या मात्र अजून समाधानी नव्हते. भात्याच्या जागी मी आवाज आपोआप कमीजास्त होईल असं केलं होतं. ते म्हणाले, "हे आपल्या मनानं दम घेतंय. अभंगात दम कुठं घ्यायचा, याला काय म्हाईत?"

तेव्हा मी ते आपोआपचं काढून टाकलं आणि आवाज लहानमोठा करायचं एक फिरतं बटण लॅपटॉपला जोडून आईपुढे ठेवलं. म्हटलं, तू फिरव. तात्यांनी वाजवायला घेतलं. पहिल्या दोन ओळी ते तिला मानेनं खुणावत होते, मग खुणावायचे थांबले. ते जिथे थबकायचे तिथे ती आधीच आवाज खाली आणायची. ते चढणार त्याच्या क्षणभर आधी वर न्यायची. एवढी वर्षं भजनाच्या वेळी ती मागे बायकांत बसायची, टाळसुद्धा हातात घ्यायची नाही. ती काय ऐकत होती ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

अभंग संपला. तात्या तिच्या हाताकडे बघत म्हणाले, "अगं, मग खरीच पेटी काढ की."

तीन महिन्यांचे माझे सगळे रविवार एका वाक्यात पाण्यात गेले. क्षणभर मला खरंच राग आला. मग शिडी आणायला मीच पळाले.

एकादशीला संध्याकाळी देवळात दोघं समोरासमोर बसली, मधे पेटी. तात्यांचा उजवा हात सुरांवर, आईचा भात्यावर. पुरुषांच्या रांगेत बसायला ती लाजत होती. डोळे खाली होते, हात मात्र बिनचूक. पहिला अभंग झाल्यावर मंडळातले सगळ्यात वयस्कर आबा आत आले. त्यांना आता नीट दिसत नाही. पेटी ऐकून ते दारातच थांबले होते.

"पेटीवर कोण हाय रं? तात्या व्हय?"

तात्या म्हणाले, "आमी दोघं हाय, आबा."