वस्तऱ्याखाली बसवलेलं भाषण

सलूनवाल्याला सगळी इमारत 'मौनी' म्हणायची. खुर्चीत बसून बोलायचं ते गिऱ्हाइकानं. हा मागून फक्त "हं" म्हणणार. त्या एवढ्याशा "हं"वर त्यानं जिन्याखालच्या खोलीत अर्धं आयुष्य काढलं. आणि आता त्याच माणसावर चक्क भाषण ठोकायची वेळ आली! ती खोली रिकामी करून तिथे सायकली ठेवायच्या, असं इमारतीच्या समितीच्या मनात आलं होतं. रविवारच्या सभेत लोकांना पटवलं तर दुकान राहील, नाही तर कात्री-कंगवा पिशवीत.

भाषण बसवून घ्यायला घरात बायको होतीच. आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी उतरवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मी काय म्हणतो, सुरुवातीलाच सांगावं, माझ्या पोटावर पाय देऊ नका..."

"झालं! अहो, तुमच्या पोटाचं लोकांना काय पडलंय? रडगाणं एकदम बंद. त्यांचं त्यात काय भलं आहे, तेवढंच सांगा."

"आणि मी?"

"तुम्ही मध्ये येऊच नका."

बायकोचं ऐकावं, पण इतकंही ऐकू नये. त्यानं भाषणातला 'मी' मुळापासून भादरून टाकला.

मग तालीम. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवायचा आणि सुरू व्हायचं. विमा एजंट, वरच्या मजल्यावरचे काका, खुद्द समितीचे अध्यक्ष, एकानंही हूं की चूं केलं नाही. "सगळ्यांना पटलंय गं," तो घरी येऊन सांगे. वस्तऱ्याखाली मान ठेवून वाद कोण घालणार, हे त्या भोळ्या जिवाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सभेत हात मोकळे, त्यांचं करायचं काय ते कळेना. शेवटी त्यानं पुढच्या रिकाम्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि गाडी रुळावर आली.

"म्हाताऱ्या माणसांनी घरात बसायचं तरी किती? सुनेला फरशी पुसायची असते, नातवाचा अभ्यास असतो. जिन्याखाली येतात, पेपर वाचतात, मन मोकळं करतात. 'जरा पाय वर घ्या' असं जिथे कोणी म्हणत नाही, अशी इमारतीत तेवढीच एक जागा आहे हो!"

काकांनी डोळे टिपले. टाळ्या पडल्या.

"शंभर टक्के पटलं!" अध्यक्ष उठले. "सायकली रद्द. जागा ज्येष्ठांच्या बैठकीला. तो आरसा, ती खुर्ची हलवली की बाकडी सहज मावतील. सुरेख सूचनेबद्दल मौनींचे आभार!"

मौनीचा चेहरा अर्धी दाढी करून उठवलेल्या माणसासारखा झाला. बायको ताडकन उभी राहिली.

"बसा की, खुशाल बसा! पण काका, झाडायचं कोणी? आणि तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट रोज पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकायची कोणी? एजंटभाऊ, तुम्ही ऐकाल?"

"मी?" एजंट दचकला. "मला कामं असतात हो वहिनी."

"मग मला यांच्या पॉलिसीचं पुराण ऐकायची हौस आहे का?" काका उसळले.

अध्यक्षांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. जो तो छताकडे बघत होता. अखेर ठराव झाला: बैठक होईल, पण मौनीच्या खुर्ची-आरशाभोवती. झाडलोट अर्थात मौनीकडे.

घरी जाताना मौनीची छाती फुगली होती. "बघितलंस? नुसत्या बोलण्यावर सभा फिरवली!"

"फिरवलीत हो," बायको म्हणाली. "उद्या लवकर उठा. बाकडी पुसायचीत."