ह्या हातावर हे, ह्या हातावर ते

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई एका पेशंटला इंग्रजीत एक वाक्य बोलल्या आणि ते मराठीत सांगायला कोणी नव्हतं. मावशी शनिवारी गेल्या होत्या.

निजामाच्या राज्यात तुम्ही जालन्याला कधी आजारी पडला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. परदेशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशेजारी एक स्टूल, स्टुलावर मावशी. ठेंगण्या, पांढरं लुगडं नेसलेल्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या. पेशंटला काही ठरवायची वेळ आली, की त्या दोन्ही तळवे पुढे पसरायच्या आणि म्हणायच्या, "ह्या हातावर हे, ह्या हातावर ते. बघ आन सांग."

मी शेजारच्या खिडकीत औषधाच्या पुड्या बांधायचो आणि रजिस्टर लिहायचो. आमच्याकडे सरकारी कागद उर्दूत, डॉक्टरीणबाई इंग्रजीत आणि दुखणं मराठीत, असा कारभार होता. मधला पूल मावशी. लहानपणी पलटणीतल्या कुठल्याशा साहेबाची मुलं सांभाळता सांभाळता त्या इंग्रजी शिकल्या होत्या; मी खिडकीतून त्यांचं ऐकून ऐकून.

डॉक्टरीणबाईंच्या देशातली माणसं दिवसभर काहीतरी निवडत असावीत. त्याशिवाय एका भाषेत निवडण्याच्या इतक्या म्हणी कशाला लागतील? मावशी प्रत्येक म्हण वहीच्या डाव्या पानावर देवनागरीत उतरवायच्या. उजवं पान कोरं ठेवायच्या. मराठी सुचलं तरी लगेच लिहायच्या नाहीत. आधी पेशंटवर लावून पाहायच्या.

"कळलं की नाही हे कसं ओळखता?" मी एकदा विचारलं.

"मान हलवली म्हणजे कळलं न्हाई. उलट विचारलं म्हणजे कळलं."

तुम्हीही कधी दवाखान्यात लक्ष देऊन बघा. हे बिलकुल खरं आहे.

"इट इज अप टू यू" हे डॉक्टरीणबाईंचं रोजचं वाक्य. ठरवणं तुमच्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. मावशींनी सुरुवातीला तसंच सांगितलं, तर लोकांना वाटलं बाईंनी हात झटकले. एक म्हातारा तर रडायलाच लागला. पुढे मावशी म्हणू लागल्या, "वाट बाईंनी दाखवली. गाडी तुझी, बैल तुझे. कुठून हाकतो?" त्यावर जाफराबादकडचा एक शेतकरी म्हणाला, "त्या वाटेनं चिखल किती हाय?" मावशींनी तिथल्या तिथे पेन्सिल काढली.

एका बाजूला सैतान आणि दुसऱ्या बाजूला खोल समुद्र, अशीही डॉक्टरीणबाईंची एक म्हण होती. कुठेही गेलं तरी संकटच. "समुद्र इथं पाहिलाय कोणी?" म्हणत मावशींनी 'इकडे आड तिकडे विहीर' वापरलं. पेशंटनं विचारलं, "विहिरीला पाणी हाय का?" आपल्या कोरड्या भागात हा प्रश्न अगदी बराबर होता.

एकच म्हण त्यांनी मराठीत आणली नाही. वॉर्डातला एक गडी कुरकुरत होता, हा पलंग नको, तो द्या. डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. भिकाऱ्यानं निवड करू नये अशा अर्थाचं काहीतरी त्या पुटपुटल्या. मावशी त्याला म्हणाल्या, "पलंग एवढाच उरलाय, पर खिडकीजवळचा हाय." गडी खूश. मी खिडकीतून हसलो, तर मला म्हणाल्या, "काय हसून राह्यले, भाऊ? त्यांच्या तोंडून निसटलं म्हणून आपण झेलायचं व्हय?" ती म्हण त्यांनी वहीत उतरवली मात्र. उजवं पान कोरं सोडलं.

कुंभार पिंपळगावची एक सून आली होती. पायात काटा मोडून पाऊल काळं पडलेलं. पाऊल कापावं लागेल, नाहीतर जीव जाण्याची भीती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सून पदराआड. सगळं सासूच बोलत होती.

"कापू नका म्हणा. लंगडी सून घेऊन मी काय करू?"

"आजी, पाय कोणाचा?"

"सुनंचा."

"मंग तुम्ही कशाला लंगडून राह्यल्या?"

मावशींनी सुनेपुढे तळवे पसरले. डाव्यावर कापणं, उजव्यावर पाऊल तसंच ठेवणं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मावशींचे हात तसेच. शेवटी पदरातून आवाज आला, "काठी घेऊन रानात जाता येईल का?" येईल, असं कळल्यावर तिनं डाव्या तळव्यावर बोट टेकवलं.

संक्रांतीच्या सुमाराला ती काठी टेकत आली, बोरांची पिशवी घेऊन. मावशींनी विचारलं, "सासू न्हाई आली?"

"मागं राह्यली. लई हळू चालती."

मग मावशींच्याच पोटात गाठ निघाली. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई इंग्रजीत बराच वेळ बोलल्या, मध्ये थांबत थांबत. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, मराठीत सांगा."

"मावशी, तुम्हाला तर सगळं..."

"माझं इंग्रजी दुसऱ्याच्या दुखण्यापुरतं हाय. सांगा."

मी म्हणालो, "हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून घ्यायलाच पाहिजे, म्हणतात."

"पाहिजे असं त्या म्हणल्या न्हाईत. ते तुमचं हाय. इतक्या वर्षांच्या माझ्या कामाला डाग लावू नका."

मी तळवे पसरले. त्यांना कोयनेलची, हिवतापाच्या औषधाची, पूड लागलेली होती. ह्या हातावर हैदराबाद. ऑपरेशन निभावलं तर काही वर्षं, पण टेबलावरच जाण्याची भीती मोठी. ह्या हातावर इथंच राहणं. दुखणं दबेल असं औषध आणि थोडे महिने.

मावशींनी मान हलवली नाही. माझ्या हातांकडे पाहून त्यांनी विचारलं, "तिथं पेशंटशी मराठीत कोण बोलतं?"



त्यांनी माझ्या उजव्या तळव्यावर बोट टेकवलं. "इथं. स्टुलावर."

पाच महिने त्या स्टुलावर बसल्या. शेवटी शेवटी पाठीला उशी लावून. त्यांनी निवडलं ते मला पटलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. विचारलं त्यांना होतं, मला नाही.

त्या सोमवारी मी पुड्या तशाच ठेवून खिडकीतून बाहेर आलो. पेशंट बदनापूरकडची होती, गळ्याला सूज. मी दोन्ही हात पुढे करून सांगितलं, एकावर औषध, एकावर चिरा. तिनं मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिनं विचारलं, "दादा, ह्या हातावरचं औषध कडू ऱ्हातं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

स्टुलावर आता मी बसतो. वही माझ्याकडे आहे. भिकाऱ्याच्या म्हणीसमोरचं पान कोरं आहे.