‘क्रेओ’, ‘पिएन्सो’ आणि कात्रजचा नाग

रविवारी तेरेसाला पुणं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ती आमच्या माद्रिदच्या क्लायंटची मॅनेजर. ऑफिसात स्पॅनिश येणारे आम्ही दोघंच, आणि दुसरा लग्नाला सांगलीला गेलेला. आमच्यापैकी सहा महिने माद्रिदला कोण जाणार, हे तेरेसा सोमवारी सांगणार होती. मला जायचं होतं, अगदी मनापासून.

तुम्ही असा बेत केलात तर दिवसभराची गाडी ठरवा, रिक्षा बदलत बसू नका. सकाळी सदाशिव पेठेत उभ्यानंच पोहे खाल्ले. माझा स्पॅनिशचा क्लास इथेच होता. आपण जिथे नुसतं ‘वाटतं’ म्हणतो, तिथे त्यांच्याकडे दोन शब्द. ‘पिएन्सो’ म्हणजे विचार करून बनलेलं मत. ‘क्रेओ’ म्हणजे खात्री नसताना वाटणं, आणि विश्वास ठेवणंही. बोलताना तेही सरमिसळ करतात. आमचे सर म्हणायचे, “विचार केलाय की उगाच वाटतंय, ते आधी ठरवा. मग तोंड उघडा.”

तिथून कात्रजचं सर्पोद्यान. रविवारी गर्दी असते, लवकर जा. नागाच्या काचेमागे फक्त फांदी आणि पाण्याचं भांडं दिसत होतं.

“आहे हो आत,” एक काकू म्हणाल्या.

“तुला दिसला?” त्यांच्या यजमानांनी विचारलं.

“पाटी लावलीय म्हणजे असणारच!”

मी भाषांतर केलं. तेरेसा खूप हसली. गाडीत बसल्यावर मी धीर करून विचारलं, “माझी निवड होईल?”

“क्रेओ के सी,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. होईल, असं वाटतं. मला ‘पिएन्सो’ हवं होतं.

जेवायला धनकवडीला आमच्या घरी गेलो. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आमच्याकडे बुद्धवंदना होते, नवस होत नाहीत. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं, हा बाबांचा शिरस्ता. मटणाचा रस्सा वाढून घेत तेरेसानं माझ्यामार्फत त्यांना विचारलं, “तुमची मुलगी माद्रिदला येईल असं वाटतं?”

“ठरवणार तुम्ही,” बाबा म्हणाले. “कारणं कळल्याशिवाय मी मत कसं देणार?”

निदान पाहुणीसमोर तरी ‘हो’ म्हणायचं. मला रागच आला.

सोमवारी सांगलीहून परतलेल्याचं नाव जाहीर झालं. त्याला क्लायंटची जुनी सिस्टिम येत होती. तेरेसानं नीट विचार केला होता, कारणंही पटण्यासारखी होती. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

घरी येऊन सांगितलं. बाबांनी “बरं” म्हणून पेपरची घडी घातली. माझ्या पलंगाखालून एका नव्या सुटकेसचं टोक बाहेर आलं होतं. आत दोन स्वेटर आणि कानटोपी. आई म्हणाली, शनिवारीच आणून ठेवली त्यांनी. म्हणजे तेरेसा जेवायला येण्याच्या आदल्या दिवशी.

“बाबा, दुकानदार परत घेईल का ही?”

“परत कशाला?”

“मग माळ्यावर टाकते.”

“नको,” बाबा पेपर पुन्हा उघडत म्हणाले. “खालीच राहू दे. हाताशी असलेली बरी.”