सुतळीचं टोक

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हा पिंपळगाव राजात एक माणूस घरोघरी सुतळीच्या खाटा, म्हणजे बाजा, विणून द्यायचा. नाव त्याला असेलच, पण गाव त्याला 'जेलवाला' म्हणे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात त्याच्या हातून चुलतभाऊ मेला होता. बाजा विणायचं कसब तो तुरुंगात शिकून आला होता.

आमच्या बाबांना ते खुपायचं. "जीव घेणाऱ्याले सरकार कसब शिकवते, मंग शिक्षा कायची?" असं ते त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत. तो मान वर करत नसे. बाजेच्या चौकटीला पाय लावून, टिचकी मारली तर वाजेल इतकी ताठ सुतळी ओढायचा. पण शेवटी उरलेलं टोक मात्र तो स्वतः कधी कापत नसे.

"वहिनी, एवढं कापून द्या."

एकदा आईनं विचारलं, "तुमीच काऊन नाही कापत, भाऊ?"

"तिथं चाकू शिपायाजवळ राहे," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "इथं बी कोणी हाती देल्ला नाही."

आईनं पिठाच्या हातानंच चाकू आणला आणि बाबांच्या देखत त्याच्या हातात ठेवला. "घ्या, कापा. माही भाकर जळून राह्यली," म्हणत ती पाठ फिरवून चुलीकडे गेली.

त्यानं टोक कापलं, चाकू धोतराला पुसला आणि मूठ घराकडे करून उंबऱ्यावर ठेवला.

बाबांचं मत पुढेही तेच राहिलं. पण उन्हाळ्यात ती बाज अंगणात टाकली, की तिच्यावर पहिले आडवे व्हायचे ते बाबाच.