पर्लमावशी पायथन शिकते

रक्ततपासणीच्या लॅबमधल्या त्या बाईंना सगळे पर्लमावशी म्हणत. यंत्रांनी ओकलेल्या मजकुरातून रुग्णाचा रक्तगट वेचून अहवालात भरणारा प्रोग्राम त्यांनी ऐन उमेदीत पर्ल या संगणकाच्या भाषेत लिहिला होता, आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. आता लॅबला तोच पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत हवा होता. बाहेरची कंपनी टपूनच बसली होती. मावशींनी हट्टानं काम स्वतःकडे ओढलं, आणि पहिल्याच चाचणीत एका रुग्णाचा रक्तगट साफ चुकला.

"मावशी, असं रक्त चढलं तर माणूस जाईल," लॅबप्रमुख बाई म्हणाल्या. "आज चूक सापडली नाही, तर काम कंपनीला."

मावशींनी पदर खोचून दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी उघडले.

चुकलेली ओळ नव्या यंत्राची होती. हे शहाणं यंत्र ओळीच्या आधी उगाच मोकळी जागा सोडत होतं. पर्लचं काही बिघडलं नव्हतं, कारण तिथला पॅटर्न, म्हणजे शोधायचा नमुना, ओळीत कुठेही शोध घेतो. पायथनमध्ये मावशींनी शोधासाठी ‘मॅच’ लिहिलं होतं, आणि ते फक्त ओळीच्या तोंडाशीच बघतं. तिथे मोकळी जागा दिसताच स्वारी हात हलवत परत!

"ह्याला काही सापडलं नाही तर नाही," मावशी पुटपुटल्या, "पण मग हा रक्तगट आला कुठून?"

त्यांनी आधीच्या रुग्णाची ओळ पाहिली. रक्तगट त्याचाच! मावशी ताडकन उठून उभ्या राहिल्या. पर्लमध्ये लूपच्या, म्हणजे रुग्णागणिक होणाऱ्या फेऱ्यांच्या, आत ‘माय’ हा शब्द लिहिला की प्रत्येक फेरीला नवं कोरं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायची जागा, मिळतं. इतक्या वर्षांत त्यांना वेगळं काही पुसायची सवयच नव्हती. पायथनचं व्हेरिएबल मात्र लूपची फेरी संपली तरी जागचं हलत नाही. पहिल्या पाहुण्याची वाटी न विसळता दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवावी, तसं झालं होतं.

"मेल्या, मलाच चकवतोस?" असं म्हणताना त्या चक्क हसत होत्या.

त्यांनी ‘मॅच’च्या जागी ओळभर शोधणारं ‘सर्च’ लिहिलं आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबल रिकामं केलं. वर, रक्तगट सापडलाच नाही तर अहवाल अडवून ठेवायची सोयही केली. मग सगळे जुने अहवाल दोन्ही प्रोग्राममधून पुन्हा काढले. लॅबप्रमुख बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. दोघींच्या डोळ्यांदेखत ओळीला ओळ जुळत गेली. कुठेही फरक नव्हता!

लॅबप्रमुख बाईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला. "नको, आमच्याकडे आमचं माणूस आहे."

मावशींना आनंदानं काय करावं सुचेना. डोळे पुसत त्यांनी जुना पर्लचा प्रोग्राम स्वतःच्या हातानं बंद केला आणि नवा सुरू केला. पहिला अहवाल निघाला तो चुकलेल्या त्याच रुग्णाचा, आणि त्यावर त्याचा स्वतःचा रक्तगट होता.