जनीच्या दाखल्यावरचं नाव

सहदेव घाडी मला पहिल्यांदा भेटले ते भांडायला. ठाण्याच्या कोर्टाबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसत असे, आणि त्यांच्या अर्जातली एक ओळ माझ्याकडून गळली होती. ओळ अगदीच बिनमहत्त्वाची, कोणी वाचलीही नसती. पण हे गृहस्थ कल्याणहून परत आले, तिन्ही कार्बन प्रती माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, आमची फाईल अर्धी जात नाय." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "मग स्वतःच टाइप करा." ते शांतपणे बाकड्यावर बसून राहिले. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी अख्खं पान पुन्हा टाइप केलं. ही गोष्ट १९८४ सालची. पुढची सात वर्षं त्यांचा प्रत्येक कागद माझ्या मशीनवरून गेला. त्यातले शेवटचे काही मी टाइप केले नसते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

घाडी कल्याणच्या एका बालकाश्रमात कारकून होते. राहायला कोपरला, चाळीतल्या दोन खोल्यांत. घरात बायको विमलाबाई आणि एकुलती एक मुलगी कांता. आश्रमात टाकून दिलेली मुलं यायची. त्यातले धडधाकट मुलगे आणि गोऱ्या मुली इथल्याच घरांत दत्तक जायच्या. सावळी, आजारी, अधू मुलं मागे राहायची. आपल्या लोकांच्या या आवडीनिवडीबद्दल मी काय बोलू? बोलायला लागले तर थांबणार नाही. या मागे राहिलेल्या मुलांना घ्यायला परदेशातली जोडपी तयार असत, आणि त्यांना तिकडे धाडायचे कागद जमवणं हे घाडींचं काम.

कागद तरी किती! आईबाप सापडले नाहीत असा पोलिसांचा दाखला, मूल बेवारस आहे असा बालकल्याण मंडळाचा हुकूम, डॉक्टरचा वयाचा दाखला, जिल्हा न्यायालयाचा पालकत्वाचा हुकूम, पासपोर्ट, आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीतून व्हिसा. एखादा कागद अडकला की मूल आणखी वर्षभर आश्रमातच. घाडींच्या सतरा फायली गेल्या, सतरा मुलं विमानात बसली, आणि एकही फाईल कागद कमी म्हणून परत आली नव्हती. याचा त्यांना भारी अभिमान होता. मागितलेल्या कागदांबरोबर न मागितलेलेही दोन-चार ते जोडून देत. "साहेबानं विचारायच्या आधी त्याच्या पुढ्यात पायजे," असं त्यांचं म्हणणं.

या माणसाने एक उद्योग करून ठेवला होता आणि तो आम्हां कोणालाच उद्योग वाटला नव्हता. आश्रमातली मुलं सहा वर्षांची झाली की शेजारच्या पालिकेच्या शाळेत जात. शाळेचे हेडमास्तर गुरुदत्त पाटकर हे जुन्या वळणाचे. दाखला भरताना ते विचारत, "मुलाचं नाव?" जनी. "वडिलांचं?" घाडी गप्प. "आडनाव?" घाडी गप्प. पाटकर म्हणत, "अहो, हजेरीला मी नाव कसं पुकारू? नुसती जनी? बाकीची पोरं टिकू देतील का तिला?" आपल्याकडे नाव म्हटलं की मधे बाप आलाच. बाप नसलेलं नाव म्हणजे शाळेभर बोभाटा. घाडींना तो रकाना रिकामा सोडवेना. त्यांनी तिथे आपलं नाव घातलं. एक-दोन नव्हे, नऊ मुलांच्या दाखल्यांवर वडील म्हणून सहदेव घाडी. आम्ही त्यांची थट्टा करायचो, "भाऊ, तुमचा संसार वाढतोय हो!" तेही हसायचे.

आता जनीबद्दल. ती तान्ही असताना कळव्याला खाडीच्या बांधावर सापडली. डावा पाय घोट्यापासून आत वळलेला. मुलगी बोलायला तिखट आणि हसायला मोकळी. चार घरचे लोक तिला बघायला आले, तिच्याशी बोलून खूश झाले, मग पायाकडे बघून "कळवतो" म्हणाले. कोणी कळवलं नाही. १९८७मध्ये अमेरिकेतून होल्म नावाच्या जोडप्याने तिला मागितलं. तिच्या पायाचे फोटो त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना दाखवले होते. हाडं कोवळी आहेत तोवर, म्हणजे साधारण आठाच्या आत, ऑपरेशन झालं तर मुलगी नीट चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे जनीला आई, बाप आणि पाय हे तिन्ही एकाच विमानाने मिळणार होते.

होल्मबाईंनी एक कॅसेट पाठवली. कोणाकडून तरी शिकून घेऊन त्या मराठीत म्हणाल्या होत्या, "जनी, तू लवकर येतो." जनी ती पुन्हा पुन्हा ऐके आणि पोट धरून हसे. "येतो नाय, येते! तिकडे गेले की मी शिकवीन तिला," असं ती सगळ्यांना सांगत सुटे.

कागद वर्षभरात जमले. १९८८च्या नोव्हेंबरात घाडी जनीला घेऊन मुंबईला वकिलातीत गेले. नवा फ्रॉक, दोन वेण्या. अधिकारी चांगला माणूस होता, घाडींनीच मला तसं सांगितलं. त्याने दुभाष्यामार्फत मुलीला दोन-तीन सोपे प्रश्न विचारले. नाव काय? कुठे राहतेस? आणि मग, तुला वडील आहेत का?

जनी ताठ उभी राहिली आणि शाळेत शिकवलं होतं तसं खणखणीत म्हणाली, "माझं पूर्ण नाव जनी सहदेव घाडी. माझ्या बाबांचं नाव सहदेव घाडी."

अधिकाऱ्याने फाईल चाळली. त्यात शाळेचा दाखला होता. तो कोणी मागितला नव्हता, आणि आधीची सतराही मुलं शाळेच्या वयाखालची असल्याने तसा दाखला तिकडे कधी गेलाच नव्हता. घाडींनी आपणहून जोडलेला. त्यावर तेच नाव. आणि आश्रमाचा प्रतिनिधी म्हणून समोर बसलेल्या माणसाच्या ओळखपत्रावरही तेच.

अधिकाऱ्याने कायदा समजावून सांगितला. ज्याला आईबाप नाहीत ते मूल अनाथ. किंवा एकच पालक उरलाय आणि त्याला मूल पोसता येत नाही, तेही अनाथ. "तुम्ही वडील असाल तर तुम्हाला नोकरी आहे, घर आहे. मग ही मुलगी अनाथ नाही. आणि वडील नसाल, तर सरकारी शाळेच्या दाखल्यावर तुमचं नाव कसं?"

घाडी एवढंच म्हणाले, "रकाना रिकामा सोडवला नाय, साहेब."

दुभाष्याने ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे. व्हिसा थांबला. अधिकारी म्हणाला, दाखला दुरुस्त करून आणा.

एवढंच ना, असं मलाही वाटलं. घाडी पाटकरांकडे गेले. पाटकर हळहळले, पण म्हणाले, "नोंद झाली की माझा हात तिथे पोचत नाही. वरून हुकूम आणा." शिक्षण कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, "चुकीचं नाव काढायला बरोबर नाव लागतं. बरोबर नाव काय?" घाडी म्हणाले, माहीत नाही. "मग हे चूक आहे हे तुम्हाला कसं माहीत?" कोर्टाच्या दारात आयुष्य काढूनही मला त्या प्रश्नातली खोट सापडलेली नाही.

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. ते मी टाइप केलं. 'सदर मुलीचा मी पिता नाही व तिच्याशी माझा कोणताही संबंध नाही.' घाडींनी वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, 'कोणताही' हा शब्द लिहायलाच पायजे का?" मी म्हटलं, "भाऊ, मजकूर ठरलेला असतो." त्यांनी सही केली. मला तेव्हा त्यांच्या त्या प्रश्नाचा राग आला होता, आणि सही करताना त्यांचा चेहरा बघून स्वतःचाही आला.

ते प्रतिज्ञापत्र बालकल्याण मंडळापुढे गेलं आणि भलतंच झालं. मंडळ म्हणालं, हा माणूस नऊ मुलांना खोटं नाव लावतो, तर मूल बेवारस असल्याचे त्याने आणलेले कागद खरे कशावरून? जनीची चौकशी पहिल्यापासून सुरू झाली. एके सकाळी हवालदार कोपरच्या चाळीत गेला आणि दारोदार विचारू लागला, घाडींचं बाहेर कुठे दुसरं घर आहे का? चाळ ती, तिला आणखी काय पाहिजे? कांता तेव्हा तेरा वर्षांची. ती पाण्याला बाहेर जाईना. विमलाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस कोणाला न सांगता त्या आश्रमात गेल्या आणि जनीला समोर बसवून बराच वेळ पाहत राहिल्या. परत जाताना माझ्याकडे आल्या. "नाक बघून आले," म्हणाल्या. मी विचारलं, मग? "कुठलं काय! पोर गोड आहे हो. यांच्यासारखी कशी असेल?" आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

चौकशी चौदा महिने चालली. होल्मबाईंची पत्रं येत राहिली, पण प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा आखूड. त्यांच्या तिकडच्या कागदांनाही मुदत होती, ती एकदा वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा नाही. १९९०च्या जानेवारीत शेवटचं पत्र आलं. दुसऱ्या एका देशातली मुलगी त्यांना मिळाली होती. जनीला आम्ही विसरणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मला त्यांना दोष देता येत नाही, आणि मी पुष्कळ प्रयत्न केला.

तीन आठवड्यांनी मंडळाचा निकाल लागला. मुलगी बेवारस आहे, आईबाप अज्ञात. त्याच हुकुमावर शाळेने दाखला दुरुस्त केला. वडिलांच्या जागी एक आडवी रेघ. घाडी तो दाखला घेऊन माझ्याकडे आले. आता तो द्यायचा कोणाला, हे त्यांना कळत नव्हतं. आठ वर्षांच्या अधू मुलीला मागणारं नवं कोणी पुढे आलं नाही, आणि इथल्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितलं, आता फार फरक पडणार नाही.

तेव्हा विमलाबाईच म्हणाल्या, "आपण आणू तिला घरी. नाव तर तुमचंच लावलेलंत." मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोघं नवराबायको देवराम वकिलांकडे गेले, मीही बरोबर गेले. देवरामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाडी, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी. कांता."

"मग नाही जमणार. हिंदू दत्तक कायदा आहे. घरात मुलगी हयात असली तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा घ्या हवा तर."

"मुलगा नको, हीच पायजे," घाडी म्हणाले.

"नुसतं पालकत्व मागितलंत तरी कोर्ट आधी विचारणार, खोटं नाव लावणारा तो हाच ना?"

विमलाबाई पदराने चष्मा पुसत बसल्या. जनीला परदेशी जाऊ न देण्याइतके घाडी तिचे बाप होते, आणि तिला घरी आणण्याइतके नव्हते. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. पण त्यांना ते समजलं होतं.

आश्रमात आठ वर्षांपर्यंतच्याच मुली ठेवत. त्यापुढे सरकारी बालगृह. १९९१च्या फेब्रुवारीत जनीला तिथे पोचवायचं ठरलं. मुलीबरोबर बाई माणूस लागतं, म्हणून घाडींनी मला बोलावलं. आश्रमाचे कारकून म्हणून त्यांचाही तो शेवटचाच दिवस होता. चौकशीनंतर आश्रमाने त्यांना राजीनामा लिहायला लावला होता, आणि तोही मीच टाइप केला होता.

अधीक्षकबाईंच्या खोलीबाहेर लाकडी बाकावर आम्ही तिघं बसलो. जनी मधे. पत्र्याची छोटी पेटी तिच्या मांडीवर. ती पेटीची कडी लावत-काढत राहिली. मग घाडींकडे वळून तिने हळूच विचारलं, "काका, तेव्हा त्या गोऱ्या साहेबांसमोर माझंच चुकलं ना?"

मी म्हटलं, "नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता नाय चुकणार," ती त्यांना म्हणाली. "बाईंनी विचारलं ना, की सांगणार, मला बाबा नाहीत. सहदेव घाडी कोण म्हणाल्या, तर सांगणार, मी ओळखत नाय. असंच ना?"

घाडींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आतून शिपायाने हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "शाबास. असंच सांग."